लॅनवाल्या संगणकाला वायफाय: छोट्या राउटरचा पूल कसा बांधायचा

आमच्या गावातलं वाचनालय दोन इमारतींत आहे. पुढची पक्की, तिथे देवघेवीचं टेबल आणि फायबरचा राउटर. मागची जुनी, चिऱ्याची. तिथे संदर्भ विभाग आणि दोन डेस्कटॉप संगणक. मधे वीसेक फुटांचं अंगण. संगणक ठणठणीत आहेत, पण दोन्हींत वायफाय नाही, मागे नुसता लॅनचा पोर्ट, म्हणजे नेटची केबल खोचायची जागा. त्यामुळे ऑनलाइन फॉर्म भरायला आलेली मुलं पुढच्या खोलीतल्या एकुलत्या एका लॅपटॉपसमोर ताटकळत उभी राहायची आणि मागचे दोन्ही संगणक झाकून पडलेले असायचे.

अंगणातून केबल ओढू, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं होतं. मी नको म्हटलं. कोकणात मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस विजा घेऊनच येतो. दोन इमारतींच्या मधून उघड्यावर नेलेली तांब्याची तार म्हणजे आसपास वीज पडली की तो झटका दोन्ही टोकांच्या यंत्रांपर्यंत पोचवणारी वाटच. एकाच इमारतीत, भिंतीच्या कडेकडेने केबल नेता येत असेल तर मात्र खुशाल केबलच टाका. तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. ते जमत नसेल, तर पुढचा सगळा खटाटोप तुमच्यासाठी आहे.

हा खटाटोप एका छोट्या राउटरचा, ज्याला मी पूल म्हणतो. हे यंत्र करतं काय, तर मोबाइलसारखं वायफायला जोडून घेतं आणि मिळालेलं नेट लॅनच्या केबलने संगणकाला देतं. संगणकाला वाटतं, आपण साध्या वायरनेच जोडलेले आहोत. त्यामुळे त्यात ड्रायव्हर टाकावा लागत नाही. जुना विंडोज असो, लिनक्स असो, लॅनवाला प्रिंटर असो, सीसीटीव्हीचा डीव्हीआर असो की टीव्ही, लॅनचा पोर्ट असला की झालं. एकच संगणक असेल आणि तो नव्या विंडोजचा असेल, तर यूएसबी डोंगल स्वस्तात पडतो आणि तोही चालतो. पण डोंगल बहुतेक वेळा सीपीयूच्या पाठीमागे, भिंत आणि पत्र्याच्या मधे अडकून बसतो. ती जागा वायफायसाठी सगळ्यात वाईट. ह्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळं काम तिथेच जिंकलं किंवा हरलं जातं.

दुकानात काय मागायचं

‘वायरलेस ब्रिज’ म्हटलं तर पुष्कळ दुकानदार एक्स्टेंडर काढून देतात. तुम्ही ‘क्लायंट मोड असलेला छोटा राउटर’ असं मागा. उदाहरण म्हणून टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८०२एन घ्या. तळहातात मावेल एवढा चौकोनी डबा, एकच लॅन पोर्ट, चालतो ५ व्होल्टच्या मायक्रो यूएसबी अडॅप्टरवर, आणि त्यात क्लायंट मोड आहे. त्याच्या मर्यादाही माहीत हव्यात. तो फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चालतो आणि त्याचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे. खोक्यावरचा ३०० हा आकडा हवेतल्या कमाल वेगाचा. प्रत्यक्षात संगणकावर त्यातला बराच कमी वाटा पोचतो. फॉर्म भरणं, व्हिडिओ पाहणं, ऑनलाइन वर्ग ह्याला तेवढं पुरतं. त्याहून जास्त वेगाचा प्लॅन पुरेपूर वापरायचा असेल तर ५ गिगाहर्ट्‌झ आणि गिगाबिट लॅन पोर्ट, ह्या दोन्ही गोष्टी असलेलं मॉडेल बघा. त्यातली एकच असून भागत नाही.

खर्च करण्याआधी घरातलं कपाट उघडा. कंपनी बदलली की जुना राउटर पडून राहतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘क्लायंट’, ‘ब्रिज’ किंवा ‘डब्ल्यूआयएसपी’ असा मोड सापडला तर तुमचं यंत्र तुमच्या घरातच आहे.

एक्स्टेंडर आणि क्लायंट ह्यांतला फरक नीट समजून घ्या. एक्स्टेंडर वायफाय पकडून पुन्हा वायफायच पसरवतो. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच रेडिओवर बोलायचं, म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो. क्लायंट मोडमध्ये हवेतून फक्त एकदाच उडी. पुढचं काम तार करते. आपल्याला वायरवाला संगणकच जोडायचा असेल तर ती निम्मी घट सोसण्याचं काही कारण नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो. जोडायचं ते वायफाय आपलं तरी असावं, नाहीतर मालकाने परवानगी दिलेलं. शेजाऱ्याचा पासवर्ड मुलांना कधीतरी कळला होता, म्हणून तिथे असं कायमचं यंत्र लावू नका.

आधी जागा, मग सेटिंग

बहुतेक जण यंत्र आणतात आणि थेट सीपीयूच्या शेजारी ठेवतात. मीही पहिल्या दिवशी तसंच केलं आणि दोन तास सेटिंगशी झगडत बसलो. दोष सेटिंगमध्ये नव्हताच.

मोबाइलवर वायफायचा सिग्नल आकड्यात दाखवणारं एखादं मोफत ॲप घ्या. आकडा डीबीएममध्ये, उणे चिन्हासह येतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ पर्यंत निर्धास्त राहा. उणे ७० च्या खाली गेलं की कुरकुर सुरू होते, आणि उणे ८० ला जोडलेलं दिसतं पण पान उघडत नाही. हा आकडा सरळ पट्टीसारखा नसतो. दर १० नी खाली गेलं की पोचणारी ताकद एक दशांशावर येते. म्हणजे उणे ६० आणि उणे ८० ह्यांत शंभर पटींचा फरक आहे.

आमच्या संदर्भ विभागात संगणकाचं टेबल आतल्या कोपऱ्यात आहे. एका बाजूला हातभर जाडीची चिऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला जुन्या हस्तलिखितांचं लोखंडी कपाट. तिथे मोबाइल धरला तर उणे ८१. कपाटाला वळसा घालून चार पावलं पुढे आलो, उणे ७२. अंगणाकडे लाकडी गजांची खिडकी आहे. तिच्या कट्ट्यावर मोबाइल ठेवला आणि आकडा उणे ५६ वर स्थिरावला. तीच खोली, तोच राउटर.

मग पूल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि तिथून आठ मीटर केबल भिंतीच्या कडेने टेबलापर्यंत आणली. केबलची खरी ताकद ही आहे. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत वेग न गमावता काम करते. हवेतला सिग्नल मात्र एका लोखंडी कपाटाने गुदमरतो. म्हणून यंत्र संगणकाजवळ नेऊ नका, सिग्नलजवळ न्या आणि उरलेलं अंतर केबलने भरून काढा. दोन मीटरची केबल वाचवण्यासाठी यंत्र कोपऱ्यात कोंबलं, की त्याची किंमत रोज मोजावी लागते.

यंत्र जमिनीवर ठेवू नका. आरशामागे, फ्रिजच्या वर, पाण्याच्या टाकीपलीकडे ठेवू नका. खिडकीत ठेवलं तर पावसाची झड येत नाही ना, एवढं बघा.

सेटिंग करताना

सेटिंग मुख्य राउटरच्या जवळच्या टेबलावर बसून करा. तिथे सिग्नल भरपूर असतो, त्यामुळे काही बिनसलं तर चूक सिग्नलची नाही एवढं नक्की ठरतं. सगळं चाललं की यंत्र उचलून ठरलेल्या जागी न्यायचं.

यंत्राला अडॅप्टरने वीज द्या. संगणकाच्या यूएसबीतून वीज घेण्याचा मोह होतो, पण यूएसबी २.० चा पोर्ट ठरावाप्रमाणे ५०० मिलिअँपिअरच देतो आणि रेडिओ जोरात चालू लागला की छोटा राउटर मधेच गचके खातो. बरोबर आलेला अडॅप्टरच वापरा. मिनिटभर थांबा. मग केबलचं एक टोक यंत्रात, दुसरं संगणकात. पिन आत गेली की टक् असा आवाज येतो आणि पोर्टजवळचा दिवा लागतो. आवाज आला नाही तर पिनेची चिमुकली जीभ तुटली आहे का ते पाहा. अशी केबल हात लागला की निसटते. सरळ केबल की उलटी केबल, हा जुना प्रश्न आता उरलेला नाही. आजची यंत्रं ते आपोआप जुळवून घेतात.

लॅपटॉपवरून सेटिंग करत असाल तर त्याचं वायफाय आधी बंद करा. नाहीतर ब्राउझर वायफायच्या वाटेने भलत्याच राउटरचं पान उघडतो, आणि आपण चुकून मुख्य राउटरची सेटिंग बदलून बसतो.

यंत्राच्या पोटाला चिकटवलेल्या लेबलवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१. ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत तो इंग्रजी आकड्यांत टाका. लॉगिनचं पान येईल. नाव आणि पासवर्डही लेबलवर असतात, किंवा पहिल्याच वेळी तुमच्याकडून नवा पासवर्ड ठरवून घेतला जातो. जुना ‘ॲडमिन-ॲडमिन’ असेल तर तो तिथल्या तिथे बदला.

पान उघडलंच नाही तर घाबरू नका. संगणकाला यंत्राकडून पत्ता मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि आर दाबा, त्या चौकटीत एन-सी-पी-ए-टिंब-सी-पी-एल ही अक्षरं इंग्रजीत लिहा आणि एंटर मारा. ‘ईथरनेट’वर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’. तिथे आयपीच्या, म्हणजे नेटवर्कमधल्या पत्त्याच्या, जागी १९२.१६८.०.१० आणि सबनेट मास्कच्या जागी २५५.२५५.२५५.० भरा. बाकी रकाने रिकामे ठेवा. आता पान उघडेल. हा तात्पुरता पत्ता आहे, काम झाल्यावर परत ‘आपोआप’वर आणायचा. नवख्या माणसाचा अर्धा दिवस खाणारी चूक म्हणजे नेमकं हेच विसरणं.

आत गेल्यावर ‘ऑपरेशन मोड’ शोधा आणि ‘क्लायंट’ निवडा. मग ‘सर्व्हे’ किंवा ‘स्कॅन’ दाबा. आसपासच्या वायफायची यादी येईल. त्यातून आपलं नाव निवडा. हाताने टाइप करू नका, कारण नावात लहान-मोठं अक्षर किंवा शेवटी राहिलेली एक मोकळी जागा चुकली तरी जोडणी होत नाही. वायफायचा पासवर्ड भरा, सेव्ह करा, यंत्र पुन्हा सुरू होऊ द्या.

यादीत आपलं नाव दिसतच नसेल तर मुख्य राउटरकडे वळा. तो फक्त ५ गिगाहर्ट्‌झवर चालू असेल तर २.४ वालं यंत्र त्याला पाहूच शकत नाही. किंवा तो २.४ च्या पट्ट्यात १२ वा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर असेल; आपल्याकडे ते चालतात, पण अमेरिकेचा प्रदेश सेट असलेलं यंत्र ते ऐकत नाही. मुख्य राउटर १, ६ किंवा ११ वर आणा. हे तीन चॅनेल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. नाव दिसतं, पासवर्डही बरोबर आहे, तरी जोडत नाही? मग मुख्य राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर आहे का ते बघा. जुन्या यंत्रांना ती कळत नाही. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय ठेवा. सुरक्षा उघडी मात्र कधीही ठेवू नका.

पत्त्यांचा घोळ

वाचनालयात प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. चुकून दोन पुस्तकांना एकच क्रमांक पडला, तर कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं हे नोंदवहीवरून कळणार नाही. नेटवर्कमध्ये आयपीचं तसंच आहे. तुमचा मुख्य राउटर १९२.१६८.०.१ वर असेल आणि हा नवा डबाही कारखान्यातून तोच पत्ता घेऊन आला असेल, तर दोघांची टक्कर होते आणि नेट कधी येतं, कधी जातं.

म्हणून आधी मुख्य राउटरचा पत्ता पाहून घ्या. वायफायवर असलेल्या मोबाइलमध्ये त्या जोडणीच्या माहितीत ‘गेटवे’ म्हणून तो दिसतो. जिओफायबरवर तो सहसा १९२.१६८.२९.१ असतो, इतरांकडे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मग पुलाला त्याच मालिकेतला, म्हणजे पहिले तीन आकडे तेच असलेला, पण कोणी न घेतलेला पत्ता द्या. मुख्य राउटर १९२.१६८.२९.१ असेल तर पुलाला १९२.१६८.२९.२५०. फक्त मुख्य राउटर इतरांना आपोआप जे पत्ते वाटतो त्या पट्ट्यात हा येत नाही ना, एवढं त्याच्या डीएचसीपीच्या (आपोआप पत्ते वाटण्याच्या सोयीच्या) पानावर तपासा. आणि क्लायंट मोडमध्ये पुलाचं स्वतःचं डीएचसीपी बंद असू द्या. पत्ते वाटणारा घरात एकच हवा. काही मॉडेलांत ‘स्मार्ट आयपी’ असा पर्याय असतो, तो हे सगळं आपोआप सांभाळतो. तो असेल तर चालूच ठेवा.

आता संगणकाचा आयपी ‘आपोआप’वर परत आणा, केबल काढून पुन्हा लावा.

नेट आलं का, हे तीन पायऱ्यांत पाहा

कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधी आयपीकॉन्फिग हा आदेश इंग्रजी अक्षरांत द्या. संगणकाचा पत्ता मुख्य राउटरच्या मालिकेतला दिसला तर उत्तम. १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर संगणकाला कोणीच पत्ता दिलेला नाही. त्याने स्वतःच एक घेतला आहे. म्हणजे बहुधा पूल अजून मुख्य राउटरला जोडलेला नाही.

मग मुख्य राउटरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे इंग्रजीत पिंग आणि पुढे तो पत्ता लिहून समोरून उत्तर येतं का ते पाहा. उत्तर येत नसेल तर घोळ पुलापाशी. उत्तर आलं, की ८.८.८.८ ला पिंग करा. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस आहे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा. इथे अडलं तर दोष बाहेरच्या नेटचा, पुलाला हात लावू नका. दोन्हीकडून उत्तर येतंय पण ब्राउझर पान उघडत नाही, तर डीएनएसचा पत्ता तपासा. हा क्रम सोडू नका. कुठल्या टप्प्यावर अडलंय हे कळलं की पुढचं काम पाच मिनिटांचं असतं, आणि न कळता रिसेटची पिन टोचत बसलं की सगळी सेटिंग पहिल्यापासून करावी लागते.

एका पुलावर दोन संगणक

आमच्याकडे दोन संगणक होते, म्हणून पुलाच्या पुढे पाच पोर्टचा साधा स्विच, म्हणजे एका केबलवर अनेक यंत्रं जोडायचा डबा, लावला. पहिला संगणक लगेच चालला. दुसऱ्याला काही सकाळी पत्ताच मिळायचा नाही, १६९.२५४ दिसायचा. शोध घेतल्यावर कारण कळलं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

प्रत्येक यंत्राला आयपीहून वेगळा, कारखान्यातूनच आलेला एक मॅक पत्ता असतो. वायफायची नेहमीची रीत अशी, की जोडलेल्या ग्राहकाने फक्त स्वतःच्याच मॅकच्या नावाने बोलायचं. म्हणजे पूल हा वाचनालयाचा एकच सभासद. घरातल्या सगळ्यांची पुस्तकं तो आपल्या एका कार्डावर नेतो. कोणतं पुस्तक कोणाचं हे त्यालाच लक्षात ठेवावं लागतं. घरात एकच वाचक असेल तर प्रश्न नाही. दोन-तीन झाले की सगळ्याच यंत्रांना ही आठवण सारखी जमत नाही.

ह्यावर दोन उपाय आहेत. मुख्य राउटर आणि पूल दोन्हींत ‘डब्ल्यूडीएस’ असेल आणि ते एकमेकांशी जुळत असेल, तर तो वापरा. त्यात जास्तीचा पत्ता पाठवायची सोय असते. ते नसेल तर मोड बदलून ‘डब्ल्यूआयएसपी’ करा, काही मॉडेलांत त्याला ‘हॉटस्पॉट राउटर’ म्हणतात. त्यात पूल स्वतः राउटर होतो, मागच्या संगणकांना आपले वेगळे पत्ते देतो आणि बाहेर मात्र एकटाच दिसतो. आम्ही हेच केलं. ह्या मोडमध्ये नियम उलटा होतो हे ध्यानात ठेवा: डीएचसीपी चालू ठेवायचं आणि पुलाची मालिका मुख्य राउटरपेक्षा वेगळी हवी, जसं १९२.१६८.५.१. तोटा एवढाच, की पुढच्या इमारतीतल्या संगणकांना मागचे संगणक आपोआप दिसत नाहीत. फायली किंवा प्रिंटर वाटून घ्यायचे असतील तर हे आड येतं. आम्हाला ती गरज नव्हती.

रोजच्या वापरात

वीज गेली आणि आली की दोन्ही यंत्रं एकदम सुरू होतात. मुख्य राउटर आणि फायबरचा डबा जागे व्हायला वेळ घेतात; तोवर पूल शोधून थकलेला असू शकतो. दोनेक मिनिटं थांबून फक्त पुलाची वीज बंद-चालू केली की काम होतं. इन्व्हर्टर असेल तर दोघांनाही त्यावर घ्या; एकाला घेऊन उपयोग नाही.

वायफायचा पासवर्ड बदलला की पूल गप्प बसतो. मोबाइल विचारतो, हा विचारत नाही. त्याच्या पानावर जाऊन नवा पासवर्ड भरावा लागतो. मुख्य राउटरमध्ये ठरावीक मॅकनाच प्रवेश असेल, तर लेबलवरचा पुलाचा मॅक त्या यादीत घाला. फर्मवेअरचं (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आलं तर कंपनीच्या अधिकृत साइटवरून, तुमच्या नेमक्या मॉडेलचं आणि आवृत्तीचं घ्या, आणि वीज जाण्याची धास्ती नसलेल्या वेळीच करा. मधेच वीज गेली तर यंत्र कायमचं बंद पडू शकतं.

सगळं जमलं की एका कागदावर चार ओळी लिहा: मोड कोणता, पुलाचा पत्ता काय, कोणत्या वायफायला जोडलाय, सेटिंग केल्याची तारीख. पासवर्ड त्यावर लिहू नका. तो जबाबदार माणसाकडच्या वहीत. तो कागद चिकटपट्टीने पुलाच्या शेजारी लावा. आमच्या खिडकीच्या चौकटीवर तो लावलेला आहे. गेल्या पावसाळ्यात मी गावाला नव्हतो तेव्हा नेट गेलं, आणि संदर्भ विभाग सांभाळणाऱ्या ताईंनी तो कागद वाचून, पिंग करून, पूल स्वतःच सुरू केला.